न दुखणारी जखम आणि सब्ज्याचा पेला

"दोन रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेत. सिफिलिस आणि एचआयव्ही," परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता तुमच्या मिसेसचीही तपासणी करू." मी ऊसतोडणी यंत्राचा ड्रायव्हर, सहसा कशाला घाबरत नाही. त्या शेवटच्या वाक्यानं मात्र घाम फुटला.

हंगामात मी घरापासून दूर असतो. तिथं माझा पाय घसरला. नंतर नात्यातल्या एका लग्नासाठी गंगाखेडला घरी आलो, तेव्हा नाजूक जागी जखम दिसली. दुखेना, खुपेना. मीराला, म्हणजे बायकोला, एवढंच सांगितलं की उष्णता झाली.

"यंत्रावर बसून बसून व्हायलंय तुमाला," ती म्हणाली आणि रोज सकाळी भिजवलेल्या सब्ज्याचा पेला हातात द्यायला लागली. आठ दिवसांनी सब्ज्याची पुडी घेऊन कामावर परतलो. जखम अजून उघडीच होती आणि मी पुन्हा तीच चूक केली. पुढे जखम भरली, तेव्हा श्रेय सब्ज्याला दिलं. हंगाम संपवून घरी आलो. तळहातांवर चट्टे उठले, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी समजावलं. सिफिलिस हा शरीरसंबंधातून लागणारा जंतूंचा आजार. जखम आपोआप भरते, जंतू आतच राहतात. "उघडी जखम म्हणजे एचआयव्हीला उघडं दार. तो ज्या पेशींना धरतो, त्याच तिथं गोळा झालेल्या असतात."

दवाखान्याच्या बाकावर मीराला सगळं मीच सांगितलं.

"मी इकडं सब्जा भिजवायले, अन् तुमी तिकडं..." ती तशीच उठली. "रगत कुठं द्यायचं?"

तिला सिफिलिस निघाला. एचआयव्ही नव्हता, पण ताजी लागण लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. दोघांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं घेतली. माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची गोळी, सुरू झाली. ते तीन महिने मी बाहेरच्या खोलीत झोपलो. माझी लाज मला पुरून उरली होती.

दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मी बाकावरच रडलो.

तुम्हालाही अशी जखम दिसली, तर ती न दुखणारी म्हणून सोडू नका. दोन्ही तपासण्या करा, जोडीदारालाही न्या. सिफिलिस बरा होतो. एचआयव्हीही आटोक्यात राहतो. माझ्या रक्तातला विषाणू आता मोजण्याइतकाही उरलेला नाही आणि तसा राहिला तर तो मीराला लागणार नाही, असं डॉक्टरबाई सांगतात.

आजही सकाळी मीरा पेला हातात देते. त्यात साधं पाणी असतं. गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलत नाही.