करवत उतरवली त्या दिवशी

"थांबा, त्याइले इचारून येते."

दारात कोणी आलं आणि काहीही विचारलं, की वहिनींचं हे ठरलेलं उत्तर. वखराचं लाकूड तासून मागणारा शेतकरी असो, नाहीतर कासारीण असो. डोक्यावरचा पदर सारखा करीत त्या आत जात, जरा वेळाने बाहेर येत आणि सांगत, "ते म्हणतात, बाजाराच्या दिवशी या." कासारणीला सांगत, "ते म्हणतात, हिरव्या नको, लाल दाखव."

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? नवल हे, की ज्यांना त्या विचारून येत त्यांची वाचा गेली होती. वहिनींचे यजमान म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार, सारे त्यांना मिस्त्री म्हणत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. ओसरीवर बाजेला टेकून बसत आणि तोंडातून फार तर "अं" एवढं निघे. झटका आल्यापासून मिस्त्रींना बांगड्यांच्या रंगातलं फार कळू लागलं आहे, असं माझी बायको म्हणायची.

मी तेव्हा बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होतो. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, आणि आमच्या गल्लीचा कारभार वहिनींच्या ओसरीवरून. एकदा मी गमतीने विचारलं, "वहिनी, ताकाच्या लोट्यासाठीसुद्धा मिस्त्रींना विचारायचं का?"

"घरचा मोठा माणूस हाय, बाबूजी," त्या म्हणाल्या. "इचारलं तर त्याइले बरं वाटते."

मी लोटा घेऊन घरी आलो.

झटका येण्याआधी मिस्त्रींनी मुंबईच्या एका दुकानाकडून लाकूड कापण्याची मशीन मागवून ठेवली होती. पट्ट्याची करवत. दोन मोठी चाकं, त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, आणि हे सारं पेलणारा माणसाहून उंच, ओतीव बिडाचा खांब. लढाईमुळे माल अडकला आणि मिस्त्री बाजेवर पडल्यावर कधीतरी मलकापूरच्या मालधक्क्यावर येऊन पोचला.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ म्हणाला, "परत पाठवा."

त्याचंही चूक नव्हतं. सागाचे ओंडके दोघं भाऊ मिळून कापत, एक वरून एक खालून, मोठी करवत ओढून. भाऊ पडल्यावर त्याच्या समोरचं टोक धरायला कोणी उरलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागावं, खामगावला बिऱ्हाड करावं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. "ज्याले चालवता येत होती तो बाजीवर," तो म्हणे. "अन् त्या लोखंडात माहा हात गेला, तर कोन खाऊ घालन?"

वहिनी आत गेल्या आणि बाहेर आल्या. "ते म्हणतात, मशीन घरी आणा. एकट्या माणसानं लाकूड कापावं म्हणून तर मागवली."

धाकटा भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. वहिनींचं त्याने ऐकलंच असतं असं मात्र नाही. पाय आपटत तो मलकापूरला गेला आणि लारी घेऊन राजूरचा घाट चढून आला.

लारी अंगणाच्या तोंडाशी मागे मागे घेऊन उभी केली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हर घाई करीत होता. त्याला उजेडातच घाट उतरायचा होता. चाकं आणि बारीकसारीक भाग पेट्यांतून आधीच उतरवले. उरला तो खांब. त्याच्यासाठी लारीच्या पाठीपासून जमिनीपर्यंत दोन जाड फळ्या उतरत्या लावल्या. खांबाला दोराचे वेढे घातले, दोर अंगणातल्या कडुनिंबाला एक फेरा देऊन मागे आणला आणि आम्ही सारे तो धरून उभे राहिलो. बाजारातले हमाल, त्यांचा मुकादम, शेजारीपाजारी आणि मी. लिहिणाऱ्याच्या हाताला दोराची सवय नसते, हे मला लवकरच कळलं.

धाकटा पहार घेऊन फळ्यांच्या खालच्या टोकाशी उभा राहिला. एवढे दिवस परत पाठवा म्हणणारा तो, आता खांबाला लेकरासारखं जपत होता. "हळू. बीड हाय. पडलं का फुटन," तो सारखा बजावत होता.

आम्ही दोर इंचाइंचाने सैल सोडत होतो. खांब अर्ध्यावर आला आणि उजवीकडची फळी करकरली.

मुकादम ओरडला, "धरा." आम्ही धरलं. खांब थांबला, पण एका अंगाला कलला. फळीच्या मधोमध पांढरी भेग दिसत होती. वर ओढायला आमच्यात ताकद नव्हती, आणि खाली सोडावं तर फळी कधी तुटेल याचा भरवसा नव्हता. दोर निंबाची साल सोलत होता. माझ्या तळव्यातून तो केसाकेसाने सरकतो आहे हे मला जाणवत होतं, आणि माझ्या पुढच्या हमालाच्या मानेची शीर टरारून फुगलेली दिसत होती.

धाकट्याने पहार टाकली आणि सरळ खांबाखाली खांदा दिला.

"निंग तथून," मुकादम म्हणाला.

"मी हटलो तर हे जाते. तुमी सोडा हळूहळू. मी पेलतो."

"वेडा झाला का बे? हे पेलाचं काम हाय?"

तो ऐकेना. चेहरा लालबुंद झाला होता आणि पाय मातीत रुतत चालले होते. वहिनी अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "त्याइले इचारून येते."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईचा राग आला. हात सोलून निघताहेत, माणूस लोखंडाखाली उभा आहे, आणि ही चालली मुक्या नवऱ्याला विचारायला. हमालांपैकी एकाने शिवीही घातली. वहिनी ओसरीवर गेल्या, मिस्त्रींच्या तोंडाशी कान नेला आणि लगेच फिरल्या. चालता चालताच बोलल्या, आणि असा करडा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ते म्हणतात, धाकल्याले बाहीर काढा. खाली कोनी राहू नका. भुश्याच्या गोण्या टाका अन् सोडून द्या."

"फुटन ना, वहिनी," धाकटा खालून म्हणाला.

"फुटू दे म्हणतात."

"दादा म्हणते?"

"हाव. तुह्या दादानं सांगतलं. निंग."

धाकट्याने मान वळवून ओसरीकडे पाहिलं. मग खांदा काढून घेतला आणि बाजूला झाला. त्याने आणि ड्रायव्हरने लाकडाच्या भुश्याच्या गोण्या ओढून फळीखाली फेकल्या. शेवटची गोणी पडते न पडते तोच फळी मोडली. दोर आमच्या हातांतून सुटला आणि खांब गोण्यांवर असा आदळला, की पायाखालची जमीन हादरली. भुश्याचा लोट उठला. त्यात काही वेळ कोणीच कोणाला दिसेना.

धूळ बसली तेव्हा खांबाचं खालचं टोक होतं, नेमकं धाकटा पाय रोवून उभा होता तिथे.

धाकटा जवळ जाऊन खांब चाचपू लागला. बैठकीचा एक कोपरा फुटून बाजूला पडला होता. बाकी सारं शाबूत होतं. वहिनी आधी ओसरीवर गेल्या आणि मिस्त्रींचं तोंड पदराने पुसलं. मग पाण्याची घागर आणि गुळाची ढेप घेऊन आल्या. "पानी प्या पह्यले. फुटलेलं मंग पाहू."

जिनिंगच्या फिटरने फुटक्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी मारून दिली. तेलाच्या जुन्या इंजिनावर करवत चालू झाली. खामगावचं नाव धाकट्याने पुन्हा काढलं नाही. दसऱ्याला तो आधी भावाच्या पायावर डोकं ठेवायचा आणि मग मशीनला गंध लावायचा. गिऱ्हाईक भेटलं की तोच किस्सा सांगायचा, "बोलता येत नाई, तरी दादानं मले वाचवलं."

पुढे मिस्त्री गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी विचारलं. "वहिनी, मिस्त्रींचं बोलणं तुम्हाला कळायचं कसं?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला.

"समदं कुठी कळे, बाबूजी. त्याइचं ते लाकडाचं, कामाचं थोडंफार कळे. बाकी मीच सांगत जाओ. माह्या नावानं सांगतलं असतं तर कोनं ऐकलं असतं?"

"पण मशीन उतरवली त्या दिवशी?"

त्यांचा हात थांबला. अंगणात करवत चालू होती. धाकटा एकटाच ओंडका पुढे सरकवत होता, आणि पट्ट्याचा आवाज चढत चढत चालला होता.

"त्या दिवशी त्यायनं डोळे झाकून घेतले होते," त्या म्हणाल्या. "भेव वाटलं त्याइले. मी तोंडाशी कान नेला, तं नुसता श्वास लागला होता."

त्यांनी सूप पुन्हा हलवलं.

"भाऊजीले सांगू नका. त्याले वाटते भावानं वाचवलं. वाटू द्या."

काही वर्षांनी माझी बदली मेहकरला झाली. वहिनी गेल्याचं मला तिथेच कळलं, तापाचं निमित्त झालं म्हणून. मी तेरवीला पोचलो. अंगणात पंगती उठल्या होत्या. मशीन बंद होती आणि तिच्यावर धुतलेली सतरंजी वाळत घातली होती. धाकट्याचे केस पांढरे झाले होते. नव्या पाहुण्यांना तो निंबाचं झाड, फळी, गोण्या असं एकेक दाखवत सांगत होता.

"दादानं सांगतलं म्हणून आज मी हावो," तो म्हणाला. "वहिनी बिचारी निरोप घेऊन आली फक्त." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हे बाबूजी व्हते ना तथी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"हो," मी म्हणालो. "दोर माझ्याही हातात होता."