म्हशींच्या वाटेवरचं फाटक

वेबसाइटसाठी रिसॉर्टचा इतिहास लिहून दे, असं पप्पांनी सांगितलं तेव्हा मी इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. तलावाचा काठ, घरचं जेवण, घरचीच माणसं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त फाटकाची गोष्ट नव्हती.

तलाव झाला तेव्हा आमचं बहुतेक शेत पाण्याखाली गेलं. वर मुरमाड पट्टी तेवढी उरली. तिथे आजोबांनी चहा-भज्यांची टपरी टाकली. पुढे आईने तांबडा-पांढरा रस्सा सुरू केला आणि जेवायला आलेली माणसं मुक्कामाचं विचारायला लागल्यावर पप्पांनी खोल्या बांधल्या. रस्ता मात्र आम्हाला नव्हताच. शेजारच्या काकांनी आपल्या उसातून तो दिला आणि त्यांच्या म्हशी आमच्या अंगणातून पाण्यावर जायला लागल्या. ठरलं ते सगळं तोंडी. आता अंगणाचं लॉन झालंय, तरी संध्याकाळी म्हशी तिथूनच उतरतात आणि पाहुणे खुर्च्या मागे घेतात.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कुटुंबाने लग्नासाठी सगळं रिसॉर्ट मागितलं. आमच्याकडचं हे पहिलंच मोठं लग्न. त्यांची अट एकच होती, रिसेप्शनच्या वेळी लॉनवर म्हशी नकोत. पप्पांनी लगेच लोखंडी फाटक करून आणलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून वाट बंद म्हणून काकांना सांगून ये. तुझ्याशी ते भांडणार नाहीत."

मला अनोळखी माणसांशी बोलणं जड जातं, ओळखीच्यांशी त्याहून जड. त्यात इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी गावात परकं वाटतं. उद्यापासून वाट बंद, उद्यापासून वाट बंद, असं घोकत मी बांधावरून गेले.

काका धार काढत होते. गोठ्याच्या दारातून काकू ओरडल्या, "अगं बया, इंग्लिश पावणी आली की! बस, च्या ठेवतो." आमच्याकडे बायकाही 'ठेवतो'च म्हणतात.

"काय काम काढलंस?" काकांनी मान न वळवता विचारलं.

घोकलेलं वाक्य तोंडातून निघेना. मी म्हणाले, "काका, आमच्याकडे लग्न आहे. तेवढ्यापुरतं वाटेवर फाटक लावलं तर चालेल का?"

धार थांबली. "बानं इचारून ये म्हणून धाडलंय व्हय तुला?"

"नाही. सांगून ये म्हणाले होते."

काका मोठ्याने हसले. "तसं सांगितलं असतंस, तर मी बी रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला असता. मग वऱ्हाड काय इमानात बसून येणार हुतं?"

"गप बसा की वो," काकू म्हणाल्या. "पोरगी भ्याली."

काका पुन्हा धारेला बसले. "त्या दिशी म्हशीस्नी हितंच हौदावर पाणी पाजतो. पर फाटक बसवायचं न्हाय म्हणावं. लगीन एक दिस, फाटक कायमचं."

घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. पप्पा नव्या फाटकावरून हात फिरवत उभे राहिले. "रंग बाकी चांगला दिला होता वेल्डरने," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फाटक उचलून स्वयंपाकघराच्या मागे नेऊन ठेवलं.

वऱ्हाडाच्या गाड्या उसातूनच आल्या. वळणावर काका हातवारे करून ड्रायव्हरांवर खेकसत होते, "पावणं, डावीकडनं घ्या की!" काकू जरीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या आणि नवरीची आई कोणती, ते मलाच विचारत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी म्हशी नेहमीच्या वाटेने खाली उतरल्या.

आईने त्या फाटकावर दोडक्याचा वेल चढवलाय. पहिले दोडके काकूंकडे गेले. "आता आलं बघ कामाला," त्या म्हणाल्या.

वेबसाइटवर अजून त्याच चार ओळी आहेत. पण संध्याकाळी उसाकडून घंटा ऐकू आल्या की हल्ली मीच बाहेर जाते आणि पाहुण्यांना म्हणते, खुर्च्या जरा मागे घेता का? कुणी कारण विचारलं तर काकांच्या रस्त्यापासून सुरुवात करते.