नेव्हचे मोजे

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या शेडमध्ये मेंढ्या भादरून भादरून क्लॅरीची कंबर कधीच कामातून गेली होती. छताला टांगलेल्या पट्ट्यावर छाती टाकून तो कसाबसा लोकर कातरायचा. शेजारचा नेव्ह पट्ट्याविना दिवसाला दोनशे मेंढ्या उरकायचा, वर चिडवायचा, "काय क्लॅरी, पाळण्यात झोप लागली का रे?" त्याची ती धडधाकट पाठ बघून क्लॅरीचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सकाळी तो यंत्राचं तेल मागायला नेव्हच्या खोलीत डोकावला. नेव्ह खाटेवर बसला होता आणि त्याची बायको डोरीन खाली बसून त्याला मोजे घालत होती.

"कुणाला बोलू नकोस," नेव्ह ओशाळला. "सकाळी वाकताच येत नाही रे."

क्लॅरी तेल न घेताच परतला. बायको सोडून गेल्यापासून अकरा वर्षं तो स्वतःचे मोजे तारेच्या आकड्याने ओढत होता. मेल्याला मोजे घालायलाही माणूस!