घाट उतरण्याआधी

देवीला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, हे आधीच सांगते. यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणं पार बंद झालं. त्यांना समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणायचे, पण तोंडातून घोगऱ्या आवाजापलीकडे काही निघत नसे. पहिले दोन महिने मी रोज दिवा लावून देवीकडे मागत होते. नंतर दिवा लावत राहिले, मागणं सोडून दिलं. सासूबाईंनी मात्र झटक्याच्या दिवशीच नवस बोलून ठेवला होता. मुलगा वर्षाच्या आत उठून बसला तर त्याला आपल्या माहेरच्या देवीच्या पायावर घालीन, असा. आता ते आधार दिला की चार पावलं टाकत होते. त्यामुळे नवस फेडणं भाग होतं.

आमचं गाव उंद्री. देवीचं ठाणं राजूर घाटाच्या खाली, मोताळ्याच्या अंगाला. घरी ह्यांची जुनी जीप आहे. मला गाडी ह्यांनीच शिकवली, मी चाळिशीला आले तेव्हा, शेताच्या वाटेवर. झटका आल्यापासून मीच चालवते. खरं तर तेव्हापासून घरातलं सगळं मीच चालवत होते. पेरायचं काय, ह्यांनी जेवायचं काय, झोपायचं केव्हा, सगळं मी ठरवायची. विचारून उत्तर मिळत नाही म्हटल्यावर विचारणंही हळूहळू थांबलं होतं.

गेले काही आठवडे जीपचा ब्रेक नरम लागत होता. पहिल्यांदा दाबला की पाय खाली जायचा, लगेच दुसऱ्यांदा दाबला की ब्रेक लागायचा. गावातल्या मिस्त्रीने दोनदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून दिली, तेल भरलं. चार दिवस बरं चाले, पुन्हा तेच. मला दोनदा पाय मारायची सवय होऊन गेली. सवय झाल्यावर तो दोष आहे हेच विसरायला होतं.

आम्ही तिघं सकाळी निघालो. चिखली सोडल्यापासून हे डाव्या हाताने समोरच्या पत्र्यावर थापा मारू लागले. दोन थापा, मग थांबायचं, पुन्हा दोन. सासूबाई मागून म्हणाल्या, ऊन लागलं असेल. मी पाणी दिलं, त्यांनी नको म्हणून मान फिरवली. मला राग आला, तो मी गिळला. बुलढाणा ओलांडून घाटाच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. चहा पाजून त्यांना पुन्हा बसवायला गेले, तर त्यांनी डाव्या हाताने दाराची कड घट्ट धरली आणि पाय उचलेनात. मी आधी समजावलं, मग ओढलं. चार लोकांसमोर आजारी माणसाला ओढताना आपण कसे दिसत असू, हा विचारही तेव्हा आला नाही.

तेवढ्यात मोटारसायकलवर दुधाची कॅन अडकवलेले एक गृहस्थ जवळ आले. पासष्टीचे असतील. अंगात स्वच्छ पांढरा सदरा होता. शहरापासून ते माझ्या मागेच होते.

"ताई, तुम्ही ब्रेक दोनदा काऊन मारता?" त्यांनी विचारलं. "मागचा लाल दिवा हरखेपी दोनदा लागून राह्यला."

मी म्हटलं, एकदा दाबून लागत नाही.

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी दार सोडलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"भाऊ तेच सांगून राह्यले तुम्हाले," ते म्हणाले.

वर्षभरात ह्यांनी काही सांगितलं आणि ते कुणाला तरी कळलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि ते मला कळलं नव्हतं.

त्या गृहस्थांचा जन्म बसडेपोत ब्रेकचंच काम करण्यात गेलेला होता. त्यांनी चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघितला, कुठेच ओल नव्हती. रबरी नळ्या चाचपल्या, तेलाची डबी उघडली. तेल भरलेलं होतं. मग मला बसवून म्हणाले, ब्रेक दाबा आणि नुसता धरून ठेवा, पुन्हापुन्हा मारू नका. मी दाबून धरला. आधी ठीक वाटलं, मग चिखलात रुतावा तसा पाय हळूहळू खाली गेला आणि टेकला.

तेल बाहेर कुठे जातच नव्हतं. मास्टर सिलेंडरातले, म्हणजे जिथून तेल चारी चाकांकडे ढकललं जातं तिथले, रबरी वायसर झिजले होते. दाब आतल्या आत मागे फिरत होता. हवा काढून उपयोग का होत नव्हता, ते तेव्हा उमगलं. घाटात काय झालं असतं, असं मी विचारलं.

"सपाटीवर दोनदा दाबाले वेळ भेटते," ते म्हणाले. "घाटात भेटत नाही."

मग ते मोटारसायकलवर शहरात जाऊन वायसर घेऊन आले, ओळखीच्या गॅरेजातून पाने आणले. सिलेंडर खोलून आत बोट फिरवलं. ओरखडा नाही, नवे वायसर टिकतील, म्हणाले. दुपारपर्यंत सगळं बसवून झालं. राहिली होती हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी पेच सोडून नळीतून तेलाच्या बाटलीत हवा बाहेर जाऊ द्यायची.

मी पुढे झाले. ते म्हणाले, भाऊंना बसू द्या, आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, डावा पाय चालतो ना? मी म्हटलं, त्यांना नाही जमायचं.

"मी भाऊले इचारलं, ताई."

ह्यांना स्टिअरिंगसमोर बसवलं. वर्षाने बसले होते तिथे. ते गृहस्थ मागच्या डाव्या चाकाशी गाडीखाली शिरले. तिथून त्यांना आमच्यापैकी कुणी दिसत नव्हतं. खालून विचारलं, "धरला का?" ह्यांचा पाय दाबलेला मी बघत होते. मी सांगितलं, धरला. पेच सुटला नाही.

"तुम्ही नका सांगू. पाय त्यायचा हाय." आणि पुन्हा विचारलं, "भाऊ, धरला का?"

मग ते नुसते थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. ह्यांच्या मानेची शीर ताठली, ओठ हलले, काही निघालं नाही. मला बोलावंसं वाटत होतं, मी तोंडावर पदर दाबला. खालचा माणूस जराही घाई करत नव्हता.

"हाव," हे म्हणाले.

शब्द जाडाभरडा होता, पण शब्द होता. खाली पेच सुटला, बाटलीत बुडबुडे आले. पुन्हा प्रश्न, पुन्हा वाट, पुन्हा "हाव". चारही चाकं होईपर्यंत असंच चाललं. शेवटच्या चाकाला वाट पाहावी लागली नाही. ब्रेक आता वरच कडक लागत होता. मी मिनिटभर दाबून धरला, तो तसूभरही खाली गेला नाही.

सासूबाई त्या गृहस्थांच्या पाया पडायला निघाल्या. देवीनेच तुम्हाला धाडलं, म्हणाल्या. त्यांनी सासूबाईंचे हात वरच्या वर धरले.

"माय, मी देव मानत नाही. बुद्धाच्या घरचा माणूस मी. मले तं बायकोनं दूध आणाले धाडलं होतं."

ते दूध नासू नये म्हणून टपरीवाल्याने केव्हाच उकळून ठेवलं होतं. कॅन अडकवून ते गेले. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे दोनदा मी त्या टपरीशी थांबले, पण त्यांची गाठ पडली नाही.

घाट सावकाश उतरलो. देवीसमोर सासूबाईंनी ह्यांचं डोकं पायरीवर टेकवलं. मी बाजूला बसले. वर्षभराच्या तक्रारी मनात बांधून आणल्या होत्या, त्यातली एकही वर आली नाही. मागितलंही काही नाही. हात जोडले, एवढंच. डॉक्टर नंतर म्हणाले, कधीकधी असं एखाद्या कामाच्या लयीत बोलणं परत येतं. सासूबाई देवीचं नाव घेतात. मी दोघांचंही खोडत नाही. त्या दुपारी आपल्या हातात काही नाही हे मला पहिल्यांदा कळलं, आणि भीती वाटली नाही, हलकं वाटलं. त्या हलकेपणासाठी मी कुणाची ऋणी आहे ते ठरवत बसत नाही, रोज हात जोडते.

आता ह्यांचे तीसचाळीस शब्द झाले आहेत. यंदा सोयाबीन पेरायचं की तूर, हे मी त्यांना विचारलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. शब्द यायला वेळ लागतो. चुलीवरची भाजी करपली तरी मी उठले नाही.