खिडकीजवळची खाट

आमच्या नणंदबाई आयुष्यात कुठे उभ्या राहिल्या असतील असं मला वाटत नाही. बस खचाखच भरलेली असली तरी त्या खिडकीतून आत पिशवी टाकणार आणि मागाहून रुबाबात जाऊन बसणार. लग्नात पंख्याखालची खुर्ची त्यांचीच. "जागा मागून मिळत नाही गं, घ्यावी लागते," असं मला ऐकवणार.

माझ्या पाच वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया झाला आणि मुलांच्या वॉर्डात दाराशी खाट मिळाली. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आंघोळीला घरी गेले, तेवढ्यात त्यांनी खिडकीजवळच्या मुलाच्या आईला गोड बोलून गुंडाळलं आणि दोन्ही मुलांची अदलाबदल केली. माझ्या मुलाच्या मनगटावरचा नावाचा पट्टा त्याला टोचत होता म्हणे, तो कात्रीने कापून टाकला. मला मात्र सांगितलं, "डॉक्टरांनीच हलवलं." वर आणखी, "बघ, इथे मान किती! सिस्टर आधी आपल्याकडे आली, इंजेक्शनही देऊन गेली."

वॉर्डाची रीतही धन्य. तिथे पोरांना नावं नसतात, दारवाला, कोपऱ्यातला, खिडकीवाला. खिडकीवाला म्हणजे मधुमेहाचा, त्याला जेवणाआधी इन्सुलिन, हे सिस्टरला तोंडपाठ होतं. पट्टा बघणं हे नवख्यांचं काम. हे सगळं मला नंतर कळलं.

थोड्या वेळात मुलगा घामाने निथळायला लागला. हाका मारल्या तर डोळे जेमतेम उघडून मिटले. डॉक्टर धावत आले, छाती तपासली, "न्यूमोनिया बळावलाय" म्हणाले आणि ऑक्सिजन लावायला सांगितला.

"अहो, इंजेक्शन दिल्यापासूनच असं होतंय!" मी ओरडले.

"कसलं इंजेक्शन? याला आत्ता कुठलंच नाही. आणि हा इथे कसा?"

सिस्टर जेवायला गेली होती. मी बाईंकडे पाहिलं. पोर हातातून निसटत होतं आणि या बाई खाटेचा कठडा घट्ट धरून बसलेल्या.

"ताई, बोला ना!"

"खाट मी बदलली," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरांनी क्षणभर खिडकीकडे पाहिलं आणि ग्लुकोजसाठी ओरडले.

मुलाने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मी ढसाढसा रडले आणि बाईंना तोंडाला येईल ते बोलले. डॉक्टरांनी सिस्टरला सगळ्यांसमोर झापलं. जाता जाता तिलाच बजावून गेले, "खिडकीवाल्याची साखर सारखी बघत राहा."

आता आल्यागेल्याला बाई एकच गोष्ट सांगतात, "मी वेळेवर बोलले म्हणून पोरगं वाचलं हो!" पाहुणे त्यांचे हात हातात घेतात. यात खोटं काहीच नाही, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.