झोपलेल्या मणीचं माप

आमच्या घरमालकिणीच्या कुत्र्याला मी आवडत नव्हते. फाटकाची कडी माझ्या हातून वाजली, की मणी भुंकायला लागायचा आणि मी जिना चढून दार लावून घेईपर्यंत भुंकायचा. पोस्टमनला, भाजीवाल्याला, माझ्या नवऱ्यालाही तो शेपूट हलवून आत घेई. (मंदार त्याला बिस्किट द्यायचा. मी दिलेलं बिस्किट तो आधी खायचा आणि मग भुंकायचा!)

मंदार पहाटे कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जायचा, तो अंधार पडल्यावर उगवायचा. मी घरून काम करणारी. चेन्नईतल्या गिंडीच्या त्या शांत गल्लीत माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे खाली राहणाऱ्या घरमालकीण अक्का. त्या तंजावरच्या मराठी. पण अक्कांच्या दारातच मणीचा मुक्काम. मणी राजी नाही, तोवर माझा अख्खा दिवस मुका. त्याची मैत्री मला अगदी मनापासून हवी होती.

डिसेंबरात तमिळांचा मार्गळी महिना लागला आणि चेन्नईला थंडी वाजू लागली. आमच्या नाशकात ज्या हवेला पंखा लावतात, त्या हवेत इथे सगळे कानटोप्या घालून फिरतात. अक्का पहाटे शाल गुंडाळून दारात कोलमची रांगोळी काढायच्या आणि शेजारी मणी बसायचा. एकदा तो शिंकला.

"पावम्," अक्का कळवळून म्हणाल्या, "ह्यास कोणी स्वेटर केला तर बरं होईल."

मी वर गॅलरीत उभी होते. तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मला विणता येत नव्हतं, पण ते व्हिडिओ बघून येतं म्हणतात. खरी अडचण मापाची. जागा असताना मणी मला जवळ येऊ देईना. मग दुपारी तो जास्वंदीखाली उन्हात झोपला, की मी श्वास रोखून टेप लावायची. झोपताना तो नाक शेपटीत खुपसून अगदी वेटोळं करून झोपे. लांबी फारच कमी भरली, घेर भरपूर. कुत्र्यांचं असंच असत असेल, असं मला वाटलं.

आणि मग काय सुंदर दिवस गेले! सुलट, उलट, सुलट, की मी गोदेच्या काठी. धुकं पडलंय, हातात चहाचा ग्लास आहे, आणि निळा स्वेटर घातलेला मणी शेपूट हलवत माझ्याकडे धावत येतोय. तो येऊन पोचेपर्यंत सुईवर कुठून कोण जाणे जास्तीचे टाके जमलेले असायचे. मी त्यांना राहू दिलं. शेवटचे टाके बंद कसे करायचे, हे व्हिडिओत सांगत होते तेव्हाही मी गोदेकाठीच होते. परत आले तेव्हा व्हिडिओ संपला होता. मी सुई काढली आणि लोकरीच्या टोकाला एक गाठ मारली. मंदारनं ती वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि मिक्सरचं कव्हर छान झालंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मणी अर्धवट झोपेत असतानाच बिस्किट पुढे करून स्वेटर चढवला. वेटोळं करून पडलेल्या मणीला तो इतका बेतशीर बसला, की अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

तेवढ्यात कोपऱ्यावरून झांजा वाजवत भजनमंडळी आली आणि मणी उभा राहिला.

उभा मणी मी मोजलाच नव्हता! स्वेटर पुढून गळ्याशी गोळा झाला, मागून कमरेच्या अलीकडेच संपला, आणि पोटाखालचा घोळ अक्कांच्या कोलमवरून झाडूसारखा फिरला. मणीनं एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धूम ठोकली. लोकरीचं टोक राहिलं फाटकाच्या कडीत अडकून.

मणी पुढे, स्वेटर उसवत मागे. भजनमंडळी सूर न सोडता एकेक पाय उचलून धागा ओलांडत होती. मी कडीतलं टोक सोडवून लोकर हाताला गुंडाळत निघाले. विरळ धुकं, कापराचा वास, दारोदारच्या रांगोळ्यांवरून गेलेली ती निळी रेघ. खरं सांगते, मला फार छान वाटत होतं. आपण गाऊन आणि कानटोपीत आहोत, हे विसरायला झालं.

चहाच्या टपरीशी मणी धापा टाकत बसला होता. अंगावर फक्त गळपट्टी उरली होती. त्यानं मला पाहिलं आणि तो भुंकला नाही. माझ्याबद्दल आता बोलण्यासारखं काही उरलंच नसावं. मी धागा हातात घेऊन घराकडे वळले, तर तो निमूट मागून चालू लागला.

अक्का फाटकात उभ्या होत्या. "इतकी वर्षं झाली गे, दोरी लावून हा कोणासवें एक पाऊल चालला नाही," त्या म्हणाल्या, "तुझ्यासवें आला." त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि कॉफी दिली. मणी माझ्या पायांवर डोकं टेकून झोपला. मला इतका आनंद झाला, की मी कितीतरी वेळ पाय हलवला नाही.

मग समोरच्या घरातल्या मामी आल्या. त्यांचा पग कुत्राही साखळी लावू देत नाही. त्या तमिळमध्ये बराच वेळ बोलल्या आणि अक्कांनी मला मराठीत सांगितलं, की मणीची ती लोकरीची दोरी मामींस फार आवडली. तशी एक त्यांनाही करून हवी. किती दिवस लागतील?

मी शांतपणे कॉफीचा घोट घेतला.

"महिना तरी लागेल," मी म्हटलं, "आधी स्वेटर विणावा लागतो."