कानामागचा दाणा

टेकडीवरून आल्यावर खारीला ओसरीत बसवून मी तिचे केस उलटे फिरवून बघत होते. खारी म्हणजे आमची बिस्किटी रंगाची कुत्री. उंच गवत दिसलं की ती आत शिरणारच. कानामागे बोटाला तिळाएवढा दाणा लागला. गोचीड! खारीच्या आधीचा आमचा कुत्रा गोचिडांच्या तापानेच गेला होता.

मी चिमट्याने ती गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. खारीला कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने आंघोळ घातली, फणी फिरवली. तरी संध्याकाळी ती जेवली नाही. हिरड्याही मला फिक्या वाटल्या, त्या तापात होतात तशा. मोठं संकट निदान लांबून दिसतं. हे इतकं लहान, आणि मी तिला कुरवाळते नेमकं तिथेच लपून बसणारं. लाडाने फिरणारा माझा हात आता भीतीने फिरत होता.

सकाळी डॉक्टरबाईंनी ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, रक्तही तपासलं.

"काळजीचं काही नाही, पोट बिघडलंय थोडं," त्या म्हणाल्या. "पाल्याचं पाणी घाला, पण नुसतं त्यावर विसंबू नका. रोज असंच हाताने चाचपून बघत जा."

"टेकडी बंद करू का हिची?"

त्यांनी नुसतं खारीकडे बोट दाखवलं. उघड्या दारातून येणाऱ्या वाऱ्याकडे नाक करून ती डोळे मिटून उभी होती.

"नको," मीच म्हणाले. म्हणताना माझी बोटं तिच्या कानामागे चाचपत होती.